नानांची ‘येणार’ वही

धरणगाव म्हटले की मराठीच्या वर्गात बालकवींचे नाव निघते, आणि ते निघावे हे योग्यच आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० साली इथे जन्मले. गेली अठरा वर्षे मी मुलांना हेच सांगत आलो आहे. पण आता चाळिशी उलटल्यावर खरे बोलायला हरकत नाही. माझ्या मनातले धरणगाव बालकवींचे नाही, ते संगीतकार सी. रामचंद्रांचे आहे. वाचक विचारतील, चितळकर अण्णांचा आणि खानदेशाचा काय संबंध? रामचंद्र नरहर चितळकर जन्मले नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला, १९१८ साली. नाव काढले ते मुंबईत. आमच्या गावाशी त्यांचा संबंध जो काय तो एका वहीपुरता. ती वही माझ्या थोरल्या काकांची, म्हणजे नानांची.

यंदा दिवाळीपूर्वी माळा आवरायला म्हणून मी जळगावहून धरणगावच्या घरी गेलो. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या खाली, ती सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबाची वही. नाना जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. कापसाच्या गाठींचा हिशेब ज्या जातीच्या वहीत होतो तीच ही. पुठ्ठ्यावर टाकाने एकच शब्द लिहिलेला : ‘येणार’. आत रकाने आखलेले. चित्र, कंपनी, संगीत, गीते, गाणार कोण, केव्हा येणार आणि शेवटी शेरा.

नाना वयाच्या अठराव्या वर्षी, १९५२ साली, ही वही लिहू लागले. तीत आलेल्या चित्रपटांची नोंद मुळी नाहीच. जे अजून यायचे आहेत, ज्यांची एक ओळही कुणी ऐकलेली नाही, त्यांचीच नोंद. लहानपणी मी एकदा विचारले होते, “नाना, आलेली गाणी का नाही लिहीत?” ते म्हणाले, “अरे, आलेली जगाची. आपली ती येणारी.” हिशेबनिसाच्या भाषेत ‘येणे’ म्हणजे जे आपले आहे पण अजून हाती पडलेले नाही ते. नानांनी अण्णांची गाणी अशी येणे म्हणून मांडून ठेवली होती.

आता आजच्या वाचकाला हे सांगायला हवे, की त्या काळी अशा गावात ही बातमी मिळवणे हेच एक काम होते. केसकर साहेब १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाचे गाणे जवळजवळ हद्दपार झाले. माणूस मराठी, विद्वान. पण त्या एका कारणाने आमच्या गावात त्यांच्याबद्दल कुणी बरे बोलत नसे. मग उरला रेडिओ सिलोन. बुधवारी रात्री आठ वाजता ‘बिनाका गीतमाला’ लागे, तेव्हा ज्या हॉटेलात रेडिओ होता तिथे एका चहावर दोन-दोन तास बसणारी मंडळी जमत. पण सिलोनवर लागायचे ते आलेले गाणे. येणाऱ्याची खबर हवी तर साप्ताहिकांतल्या जाहिराती चाळायच्या, मुंबईहून सुटीला आलेल्याला गाठायचे, गाण्यांच्या चोपडीच्या मलपृष्ठावर ‘आगामी’ म्हणून काय छापले आहे ते पाहायचे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने अंक येत. नाना ते स्टेशनावरच, उभ्याउभ्या, आधी मागून उघडत.

मिळालेली खबर घेऊन जायचे ते मास्टरांच्या दुकानात. मास्टर म्हणजे टेलर मास्टर. त्यांचे नाव मी मुद्दामच देत नाही. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारीतही नसे. नानांहून चार वर्षांनी मोठे, हात अतिशय सफाईदार आणि भक्ती नौशादांवर. एकीकडे मशीन चालू, तोंडात टाचण्या, आणि त्यातूनच बोलणे. दुकानाच्या बाकावर दोन-तीन शाळामास्तर, एक पोस्टमन, एक अडत्याचा मुलगा. चर्चेचा विषय रोजचाच : अण्णांच्या हातात सध्या किती चित्रे? नौशाद वर्षाला एक-दोनच का घेतात? शंकर-जयकिशन सगळे खाऊन टाकणार का? मुंबईतल्या निर्मात्यांना जितकी काळजी नसेल तितकी या बाकाला होती.

अंदाज बांधायची त्यांची एक रीत होती, आणि ती वाटते तितकी बाळबोध नव्हती. गीते राजेंद्र कृष्ण यांची असली तर संगीत अण्णांचे असण्याचा संभव जास्त. शकील बदायुनींचे नाव असले तर नौशाद, मग बोलायलाच नको. भगवानदादांचे चित्र असले तर अण्णा. ‘अलबेला’ने १९५१ साली ते सिद्धच केले होते. खरी कसोटी लागायची शांतारामबापूंच्या बाबतीत. ‘परछाईं’ला १९५२ साली अण्णा, ‘सुबह का तारा’ला १९५४ साली अण्णा, आणि ‘झनक झनक पायल बाजे’ला १९५५ साली एकदम वसंत देसाई! १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’लाही देसाईच. पुढच्या चित्राची कुणकूण लागली तेव्हा नानांनी ‘संगीत’ या रकान्यात ‘वसंत देसाई’ लिहिले. मास्टर म्हणाले, अण्णाच येणार, लिहून ठेव. नौशादांचा भक्त अण्णांची बाजू घेतो आणि अण्णांचा भक्त देसायांची, हे बाकाला काही उलगडेना. खरी गोष्ट अशी, की मनातली इच्छा लिहिली की ती फिसकटते असा नानांचा समज होता. ते चित्र म्हणजे १९५९ चे ‘नवरंग’. संगीत सी. रामचंद्र. चुकलेल्या अंदाजाच्या आनंदात नानांनी सगळ्या बाकाला पेढे वाटले.

वसंत देसायांना या वहीत एक मानाची जागा आहे, ती वेगळ्या कारणाने. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. गाडीने गेले तर आमच्यापासून ते काही लांब नाही. गुरुजी १९५० साली गेले आणि त्यानंतर आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढायचे ठरवले तेव्हा गावाला वाटले, आपल्याच घरचे चित्र निघते आहे. नानांची नोंद अशी : ‘संगीत वसंत देसाई. गाण्यांसाठी जाऊ नये. रडू येईल.’ १९५३ साली चित्र आले, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. नाना गेले, आणि रडलेही.

असो. या वहीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे ती दोन अनारकलींची.

वहीच्या तिसऱ्याच पानावर ‘अनारकली’, कंपनी फिल्मिस्तान. संगीताच्या रकान्यात आधी लिहिलेले नाव चाकूने खरवडलेले दिसते. उजेडासमोर धरले की अजून वाचता येते : वसंतप्रकाश. खेमचंद प्रकाश यांचे हे बंधू. चित्र आधी त्यांच्याकडे होते; मग ते गेले सी. रामचंद्रांकडे, आणि वसंतप्रकाशांचे गीता रॉय यांनी गायिलेले एक गाणे तेवढे चित्रात राहिले. नानांनी खरवडलेल्या जागी नवे नाव लाल शाईने लिहिले आहे. १९५३ च्या आरंभी ‘अनारकली’ आली आणि लताबाईंच्या गाण्यांनी सारा मुलूख भारून गेला. त्या वर्षी नाना मास्टरांच्या दुकानात असे जात, की जणू स्वतःच चाली बांधून आले आहेत.

मास्टर शांत होते. त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि दुकानाच्या भिंतीवर लिहिले : ‘मुगल-ए-आझम, १९५४’. के. आसिफ यांचे हे चित्र, कथा तीच, संगीत नौशाद. “मनी अनारकली आजून येवानी शे,” ते म्हणाले. आणि तिथे पैज लागली. ती आली म्हणजे दोघांनी ऐकायचे, दोघांनी मिळून ठरवायचे, आणि हरेल त्याने सगळ्या बाकाला भरिताची पंगत द्यायची : बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, आणि कळण्याची भाकरी. ज्याने ही पंगत जेवली नाही त्याला पैजेची किंमत कळायची नाही.

१९५४ साली ‘मुगल-ए-आझम’ आले नाही. मास्टरांनी चाराचा पाच केला. १९५५ सालीही आले नाही. पाचाचा सहा झाला. त्या मधल्या काळात अण्णांचा धडाका चालूच होता. ‘आझाद’ची गोष्ट तर बाकावर महिनाभर पुरली. दक्षिणेतल्या निर्मात्याला सगळी गाणी महिन्याभरात हवी होती. तो आधी नौशादांकडे गेला, त्यांनी नकार दिला, आणि अण्णांनी ते काम घेऊन वेळेत पुरे केले. नाना म्हणत, याला म्हणतात कारागीर. मास्टर टाचण्या काढून म्हणत, “घाईत शिवलेला कोट पहिल्या धुण्यात कळतो.” तो कोट पुढे सत्तर वर्षे धुतला गेला आणि अजून टिकून आहे, हा भाग वेगळा. पण मास्टरांच्या बोलण्यातही काही तथ्य होते. एक माणूस महिन्यात चित्र पुरे करतो, दुसरा एका चित्रासाठी वर्षानुवर्षे थांबतो, आणि दोघांची गाणी राहतात. कुणाची रीत खरी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एक मात्र या वहीत नाही. ‘गाणार कोण’ असा रकाना आहे, ‘वाजवणार कोण’ असा नाही. ‘अलबेला’तली ती विलायती उसळी अण्णांच्या डोक्यातून आली खरी, पण ती वाद्यमेळात उतरवणाऱ्यांत चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याकडचे वादक होते. स्वरलिपी लिहिणारे, पार्श्वसंगीत उभे करणारे हे लोक कुठल्याच ‘आगामी’त छापून येत नसत, मग नानांना ते कळावेत कुठून?

‘गाणार कोण’ या रकान्यात वर एकदा ‘लता’ लिहिले, की खाली पानभर नुसत्या दोन-दोन रेघा : वरीलप्रमाणे. या नावाबद्दल नाना आणि मास्टर यांचे भांडण कधीच नव्हते. लताबाईंचे आजोळ थाळनेरचे, तापीकाठचे, त्या काळच्या पश्चिम खानदेशातले. तेव्हा ती खानदेशची भाची. भाचीचे गाणे कोणत्याही संगीतकाराकडे असो, माहेरच्यांनी मान डोलवायची. पण १९५८ च्या सुमारास लताबाई आणि अण्णा यांचे बिनसले आणि त्यांनी अण्णांकडे गाणे थांबवले. वहीत त्या रेघा एकाएकी थांबतात. ‘नवरंग’च्या ओळीत ‘आशा’ असे लिहिले आहे; अक्षर जरा कापरे आहे. मास्टरांनी त्या दिवशी नानांना चहा पाजला आणि म्हणाले, थोरली गेली तर धाकटी आली, दोघींचे आजोळ एकच, भाची ती भाचीच.

त्याच वर्षी मास्टरांनी दुकान उठवले. शिवणकामावर भागेना म्हणून ते भिवंडीला मेहुण्याकडे गेले. भिंतीवर खडूने १९५९ लिहिलेले तसेच राहिले.

आणि पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९६० रोजी, मुंबईच्या मराठा मंदिरात ‘मुगल-ए-आझम’ लागले.

आमच्या घरात आम्ही सगळे एकच गोष्ट ऐकत वाढलो : नानांच्या मते अण्णांची ‘अनारकली’ श्रेष्ठ. लग्नात, बारशात, तेराव्याला, कुणीही विषय काढो, नाना हेच सांगत. पैजेचे काय झाले असे कुणी विचारले तर म्हणत, मास्टर गाव सोडून गेला, पैज बारगळली. मीही ते खरे मानले होते. यंदा माळ्यावर बसून ‘मुगल-ए-आझम’ची ओळ काढली. केव्हा येणार, या रकान्यात सात साले खोडलेली. शेऱ्यात नानांच्या टपोऱ्या अक्षरात, १९६१ च्या उन्हाळ्यातली तारीख घालून, इतकेच : ‘जळगावी पाहिले. मास्टर जिंकला. त्याला कळवू नये.’

त्याच पानात मास्टरांची तीन पोस्टकार्डे होती. पहिल्यात, पाहिलास का? दुसऱ्यात, पाहिले असशील, मग बोलत का नाहीस? तिसरे १९६४ चे, मुलाच्या लग्नाचे निमंत्रण, आणि तळाशी कोपऱ्यात बारीक अक्षरात : “वांगा महाग व्हई ग्यात का?” यातल्या एकाही कार्डाला नानांनी उत्तर पाठवल्याची खूण वहीत नाही, आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पत्राची तारीख मांडणारा तो माणूस होता.

मला प्रथम रागच आला. भरिताच्या एका पंगतीसाठी माणसाने दहा वर्षांचा मित्र तोडावा? मग मी पुढची पाने उलटली. १९५२ साली एका पानात बसत नसलेली अण्णांची येणी १९६१ च्या पुढे तीन ओळींवर येतात, मग दोन, मग एक. शांतारामबापूंनी ‘स्त्री’ नंतर १९६३ च्या ‘सेहरा’ला रामलाल घेतले. १९६६ सालचे ‘धनंजय’ आणि १९७० चे ‘घरकुल’ ही मराठी चित्रे अण्णांनी स्वतः काढली, त्यांत कामेही केली. नानांनी दोन्ही नावे मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत, पान भरलेले दिसावे म्हणून की काय कोण जाणे. माझी समजूत अशी, की मास्टर हरले असते तर नानांनी दुसऱ्या दिवशी गाडी पकडून भिवंडी गाठली असती. पण ज्या वर्षी आपल्या माणसाच्या हातातली कामे सुटू लागली, त्याच वर्षी ‘तुझा मोठा’ असे समोरच्याला लिहून देणे त्यांना जमले नाही. पडत्या काळात साथ सोडली असे त्यांना वाटले असते. अण्णांना याचा पत्ताही नव्हता. मास्टरांना मात्र मित्राचे मौन सोसावे लागले. ते १९७४ साली भिवंडीतच गेले. गावाला कळले तेही उशिराने.

अण्णांची सर्वांत गाजलेली चाल या वहीत नाही, हेही सांगितले पाहिजे. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, पंडित नेहरूंच्या समोर, लताबाईंनी कवी प्रदीप यांचे जे गीत गायिले, ते कुठल्याही चित्राचे नव्हते, कुठल्या ‘आगामी’त छापलेले नव्हते. चीनच्या युद्धाची जखम ताजी होती. नानांनी नंतर पान आडवे धरून, सगळ्या रकान्यांवरून लिहिले आहे : ‘हे येणार म्हणून कुठेच नव्हते.’

५ जानेवारी १९८२ ला अण्णा गेले. त्या तारखेखाली एक आडवी रेघ आहे. हिशेबात खाते बंद केल्यावर मारतात तशी.

मला वाटत होते वही तिथे संपते. तिथे ती संपत नाही, याला कारण माझी मुलगी. २०१५ च्या दिवाळीत आम्ही सगळे धरणगावला जमलो होतो. फराळाच्या ताटांवरून भावंडांत वाद पेटला : ‘फँड्री’नंतर नागराज मंजुळे नवे चित्र काढताहेत, त्याला अजय-अतुल यांचे संगीत आहे, ते कसे असेल? पुतण्या म्हणे, ‘नटरंग’सारखी ढोलकी असणार. मुलगी म्हणे, मुळीच नाही, ‘जोगवा’सारखे असेल, त्यालाच तर राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ती तेव्हा सहावीत होती, पण बोलणे बाकावरच्या शाळामास्तरांचे. नाना एक्याऐंशी वर्षांचे. कानात यंत्र, त्याचाही फारसा उपयोग होत नव्हता. त्यांनी पोरांचे हावभाव पाहिले आणि ओळखले, की चर्चा येणाऱ्याची आहे.

“संगीत कुणाचे?” त्यांनी विचारले. पोरीने कानाशी ओरडून सांगितले.

“गीते?”

“त्यांचीच, आजोबा! आणि अजय स्वतः गातोसुद्धा!”

“म्हणजे चितळकरच की!” नाना खूश होऊन म्हणाले. अण्णा स्वतः गात तेव्हा चितळकर याच नावाने गात. मग त्यांनी ट्रंक उघडायला लावली, वही काढली, आणि त्या आडव्या रेघेच्या खाली मुलीकडून नवी ओळ लिहून घेतली : ‘सैराट. संगीत अजय-अतुल.’

२९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ आले. त्याच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत, लॉस एंजेलिसला झाले, हे मुलीनेच मला सांगितले; तेव्हा वाजवणार कोण हे आता सहावीतल्या पोरीलाही कळते. ऐन लग्नसराई होती. आमच्या घरावरून जाणारी एक वरात त्या गाण्यांवाचून जात नव्हती. नानांचे ऐकणे तोवर पुरते गेले होते. ते पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर पडून असत. एका रात्री बँड दाराशी थांबला आणि भिंती हादरू लागल्या. नानांनी पलंगाच्या दांडीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला शेरा सांगितला. तिच्या गोल अक्षरात तो आहे : ‘ऐकू आले नाही. पलंगाला कळले.’

नाना २०१९ साली गेले. यंदा वही घेऊन मी जळगावला परतलो आणि मुलीला, ती आता कॉलेजात आहे, ‘मुगल-ए-आझम’चे पान दाखवले. तिला त्यात नवल वाटले नाही. ती म्हणाली, “बाबा, नीट बघा ना.”

मी चष्मा पुसून पाहिले. ‘कळवू नये’ या दोन शब्दांवर पेन्सिलीची एक फिकी रेघ होती, आणि पुढे, ‘सैराट’च्या शेऱ्यातल्या त्याच गोल अक्षरात, ‘कळवावे’ असे लिहिलेले होते. शेरा सांगितला त्याच सकाळी नानांनी ते पान तिच्याकडून उघडून घेतले होते. कुणाला कळवायचे, हे तिला तेव्हा विचारायचे सुचले नाही.

हा अंक भिवंडीतही जातो. टेलर मास्टरांच्या घरच्या कुणाच्या वाचनात हे आले, तर एवढे समजावे, की १९५३ ची पैज आमच्या बाजूने हरली आहे. वांगी बाजारात यायला लागली आहेत. थंडी पडली की कधीही यावे.